आजींना कोणती खोली?

रसिका, तू विचारलंस, पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियाला निघालोय तर उतरायचं कुठं? बस, चहा घे, सांगते सगळं. सिडनीत रेल्वे स्टेशनच्या जवळपास राहा, पायपीट वाचते. मेलबर्नला शहराच्या मध्यावरच हॉटेल घे, तिथल्या ट्रामला तिकीटच लागत नाही. जुलैत जाणार असशील तर खोलीत हीटर आहे का ते आधी विचार. आणि कुणाच्या घरी उतरायचं ठरवलंस, घरमालक म्हणाला की व्हिडिओवर घर दाखवतो, तर... त्याआधी माझं जरा ऐकून घे.

तेव्हा आम्ही इथंच आखातात, फरवानियाला राहायचो. खाली पैसे पाठवायचं एक्स्चेंज, समोर बसथांबा, दिवसभर माणसांची वर्दळ. अभिनवची शिफ्ट मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत, माझी हॉस्पिटलात डायलिसिसची. दोघांच्या सुट्ट्या पहिल्यांदाच जुळल्या होत्या. तिकिटं निघाली, व्हिसा आला आणि आमच्या घरात जणू लग्नघाई सुरू झाली. सुरुची नऊ वर्षांची. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि नकाशा उघडून बसायची. इथं बाहेर पाय ठेवला तर चटके बसावेत असं ऊन, आणि आम्ही मात्र मॉलमध्ये स्वेटर शोधत फिरत होतो. दुकानदारसुद्धा हसायचा.

राहायचं तेवढं ठरत नव्हतं. अभिनवला सोय हवी होती, मला स्वयंपाकघर. दोन आठवडे ब्रेडवर काढायची माझी तयारी नव्हती. सुरुचीचं एकच टुमणं. “आय वॉन्ट द सी, आई.” समुद्र इथं काय कमी आहे, म्हटलं तर तोंड फुगवायची. शेवटी दोन घरं मनात भरली. सिडनीला फेरीबोटीनं जायचं ते मॅनली, तिथला समुद्रासमोरचा एक फ्लॅट. आणि मेलबर्नला ब्रन्सविकमधलं एक बैठं जुनं घर, मागे परसात लिंबाचं झाड असलेलं. दोन्ही मालकांनी शुक्रवारी व्हिडिओवर घर दाखवायचं कबूल केलं.

त्या शुक्रवारी सकाळीच मोबाइलवर घुबारचा इशारा आला. तुला माहीतच आहे, धुळीचं वादळ आलं की कसं होतं. जेवणाच्या सुमारास बाहेर सगळं हळदीसारखं पिवळं झालं, मग तांबूस, मग मळकं तपकिरी. समोरची इमारत दिसेना. बसचे हॉर्न लांबून, उशीतून यावेत तसे यायला लागले. मी खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले, तरी धूळ आत येतच होती. जिभेवर तिची चव, नाकात ओल्या मातीचा वास. भरदुपारी दिवे लावून आम्ही तिघं सोफ्यावर लॅपटॉपसमोर दाटीवाटीनं बसलो. मागे जेवणाचं टेबल, त्यापलीकडे खिडकी. एवढं अंधारलेलं, तरी कुणाचं लक्ष नव्हतं तिकडं. आम्ही मनानं केव्हाच विमानात बसलो होतो.

मॅनलीची बाई मोठी हसरी होती. तिच्याकडे संध्याकाळ होऊन अंधार पडलेला. तिनं गॅलरीचं दार उघडलं आणि लाटांचा आवाज थेट आमच्या फरवानियाच्या खोलीत आला. सुरुचीनं टाळ्याच वाजवल्या. अभिनवसुद्धा विरघळला. स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं. मग बाई म्हणाली, “दोन झोपायच्या खोल्या तुम्हाला होतील, पण जिना जरा उभा आहे. आजींना जमेल ना?”

“कोणत्या आजी?” मी विचारलं.

“त्या मागे बसल्यात ना, खुर्चीवर. मांडीवर पर्स घेऊन.” ती कौतुकानं हसली. “निघायला अगदी तयार दिसतायत.”

आम्ही तिघांनी वळून पाहिलं. टेबलाजवळची खुर्ची खिडकीकडे जरा सरकलेली होती. रिकामी. लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीतही आम्हीच, तिघं.

“पडदा दिसला असेल,” अभिनव मराठीत म्हणाला आणि तिला थँक्यू म्हणून फोन बंद केला. सुरुची तर हसून हसून आडवी झाली. तो दिवसच तसा होता. भीती वाटायला मनात जागाच नव्हती. मी पोह्यांच्या बश्या भरल्या, मॅनली पक्कं म्हणून त्यावर शेव जरा जास्तच घातली.

तेवढ्यात ब्रन्सविकच्या मालकाचा फोन आला. म्हातारा, सावकाश बोलणारा, फार सभ्य माणूस. हातात फोन धरून तो एकेक खोली दाखवत चालला. त्याच्या पावलांखाली लाकडी जमीन करकरत होती. बैठकीची खोली, शेकोटी, मोठी झोपायची खोली. मग एक अरुंद बोळ, आणि शेवटी एक मागची खोली. छोटीशी, एकाच पलंगाची. खिडकीबाहेर काळोखात ते लिंबाचं झाड.

इथं तो थांबला. त्यानं डोळे बारीक करून आमच्याकडे पाहिलं.

“तुमच्या आईंना ही खोली पसंत पडलेली दिसते,” तो म्हणाला. “मान डोलावतायत.”

पोह्याचा घास माझ्या तोंडातच राहिला. माझी आई कराडला, भावाकडे. सासूबाई पुण्यात. आदल्याच दिवशी दोघींशी बोलणं झालं होतं.

“कुठं... कुठं आहेत त्या?” मी विचारलं.

आता तोही गोंधळला. “तुमच्या मागेच की. खांद्यावर हात ठेवलाय ना त्यांनी तुमच्या...”

त्या क्षणी मला वास आला. डांबरगोळ्यांचा. वर्षानुवर्षं ट्रंकेत घडी करून ठेवलेलं लुगडं बाहेर काढलं की येतो ना, तसा. अगदी कानापाशी. आणि कुणीतरी श्वास घ्यावा तसा, लहान मूल जत्रेला निघताना घेतं तसा, अधीर, आनंदाचा श्वास...

मी लॅपटॉप मिटला. खांदा मात्र हलवला नाही. हलवायची छातीच झाली नाही माझी.

 मग अभिनव उठला, टेबलापाशी गेला आणि तिथंच उभा राहिला. मी गेले. टेबलावर, टीव्हीवर, सगळ्या खुर्च्यांवर धुळीचा पातळ थर बसला होता. त्या एका खुर्चीच्या बैठकीवर मात्र कण नव्हता. पुसून घेतल्यासारखी स्वच्छ.

अभिनव सुरुचीला म्हणाला, “आत जा, बेटा.” मग ओलं फडकं आणून ती खुर्ची पुसत राहिला. जी मुळातच स्वच्छ होती, ती खुर्ची. पुसता पुसता हळूच म्हणाला, “घर नको, प्रणिता. हॉटेल घेऊ. तीन पलंगांची खोली. त्यात चौथ्याला जागाच नको.”

तसंच केलं. दोन्ही शहरांत लहान खोल्या घेतल्या, इतक्या लहान की बॅगा पलंगाखाली ठेवाव्या लागल्या. खुर्ची तर एकाही खोलीत नाही, हे मी फोन करून विचारून घेतलं. हॉटेलवाल्याला नवल वाटलं असेल.

निघताना घराची किल्ली शेजारच्या फखरुन्निसा खालांकडे दिली. खाला रत्नागिरीकडच्या, नवरा गेल्यापासून मुलाकडे असायच्या. आमची एक भिंत सामाईक. कुंड्यांना पाणी घालायचं त्यांनी आनंदानं कबूल केलं.

आणि सहल काय सांगू तुला! तसा आनंद पुन्हा मिळणं नाही. फेरीबोटीच्या टोकावर वारा खात उभ्या सुरुचीला हाका मारून माझा घसा बसला. रात्री पेंग्विन समुद्रातून ओळीनं वर आले तेव्हा अभिनवच्या डोळ्यांत पाणी होतं. नाकं गोठली, गाल फुटले, खोलीत तिघंच होतो आणि ती खोली भरलेली वाटायची. मी खुर्ची विसरले, वास विसरले.

मेलबर्नच्या बाजारात गरम जॅमचे डोनट खात उभे होतो, तेव्हा खालांचा फोन आला.

“कुंड्या बऱ्या आहेत गो,” त्या म्हणाल्या. “आणि एक सांगू? तुम्ही गेलात तेव्हापासून मी शांत झोपते. तुझ्या आईचा तो खोकला भिंतीतून रोज ऐकू यायचा. म्हटलं म्हातारं माणूस, बोलायचं कसं. बरं केलंस, तिलापण घेऊन गेलीस. केवढी हौस होती तिला.”

“खाला, तुम्ही... तुम्ही पाहिलंय त्यांना?”

“नाही गो. भिंतीतूनच बोलायची. सांगायची, आम्ही जाणार, आम्ही जाणार.”

मी अभिनवला काही सांगितलं नाही. माझ्यासमोर सुरुची बोटं चाटत होती. बाजारात एवढी गर्दी, एवढी थंडी, आणि मला पाठीमागे वळून बघवेना.

परत आलो तर घर जसंच्या तसं. ना वास, ना काही. तरी मी हट्ट धरला आणि महिन्याभरात आम्ही इथं, रिग्गईला आलो. इथं छान आहे. ऊन येतं, शेजार चांगला. सुरुची तिच्या नव्या शाळेत रमली. तीच हट्टी, तीच बडबडी. मी नीट पाहिलंय तिला, रसिका. झोपलेली असतानासुद्धा पाहिलंय. तीच आहे.

मग गेल्या आठवड्यात पुन्हा खालांचा फोन आला. म्हणाल्या, तुमच्या त्या घरात अजून कुणी राहायला आलं नाही, कुलूपच आहे. पण दुपारी भिंतीपलीकडून लहान मुलीचा आवाज येतो.

“टीव्ही असेल कुणाचा,” मी म्हटलं.

“टीव्ही कुठला गो. सुरुचीचा आवाज मी ओळखत नाही का? भिंत थोपटते, रडते.” मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “म्हणते... ‘आई, मी इकडेय.’”

हळू बोल, रसिका. सुरुची आत अभ्यास करतेय.