मोठ्या चाकाचे तीन दाते

"गुन्हेगार घरातलाच आहे," मालक आत येत म्हणाले आणि त्यांनी टेबलावर रुमाल उघडला. रुमालात तीन तुटके दाते होते.

गुप्तहेर आत्याबाईंचा भाचा खुर्चीसकट मागे सरकला. मग त्याला कळलं, दाते लोखंडी आहेत.

मालकांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. तिथल्या यंत्राच्या मोठ्या दातेरी चाकाचे तीन आठवड्यांत तीन दाते पडले होते. संशय मिस्त्रीवर. सव्वीस वर्षांची नोकरी आज पाच वाजता संपणार होती.

आत्याबाईंनी चपला घातल्या. "चल रे. पाचच्या आत उरकू."

कारखान्यात मिस्त्री स्टुलावर बसून होता. "बाई, मनात आणलं असतं तर एका दुपारीत साठही तोडले असते. आठवड्याला एक, हा काय कामाचा वेग झाला?"

भाच्याला हे पटलं. त्याला सगळंच पटायचं.

मालकांचा मेहुणा खुशीत होता. "मिस्त्री महिन्यापूर्वी रजेवर होता ना, तेव्हा मोठ्याला फिरवणारं लहान चाक दाजींनीच बदललं. शाफ्टवर चढेना, मग हातोडीने समजूत घातली."

"हाच तो," भाचा कुजबुजला. "फार हसतोय."

"हसू दे. तू दाते मोज."

भाचा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा जमलं. दर दोन तुटक्या दात्यांमध्ये एकोणीस शाबूत. तिन्हीकडे एकोणीसच.

"आत्या, गुन्हेगार फार टापटिपीचा आहे!"

आत्याबाई लहान चाकाच्या वीस दात्यांवरून बोट फिरवत होत्या. एका जागी बोट थांबलं. त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"मोठ्याला साठ दाते, लहानाला वीस. मोठं एकदा फिरतं तेवढ्यात लहान बरोबर तीनदा. म्हणजे लहानाच्या प्रत्येक दात्याची गाठ कायम त्याच तीन दात्यांशी. आणि इथे, या एका दात्याची कड फुगली आहे. हातोडीच्या घावाने. लहान चाक पोलादी, ते टिकलं. मोठं बिडाचं, ठिसूळ. दर फेऱ्याला तेच तिघे मार खात होते."

सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"मग आता कामावरून काढू कुणाला?"

"स्वतःला महिन्याची नोटीस द्या," आत्याबाई म्हणाल्या.

मिस्त्री उठला. "फुगलेली कड कानशीने घासतो. तुटल्या जागी पितळ भरून दाते कोरतो. उद्या दुपारी यंत्र फिरेल."

मालकांनी यंत्रावर हात ठेवला. यंत्राकडेच बघत म्हणाले, "चुकलं माझं. माफ कर."

"त्याचं झालं," मिस्त्री म्हणाला. "आता इकडे वळा."

मालक वळले.