अकरा महाशीर आणि एक घोट

नाथसागर धरणाच्या वरच्या टोकाला आटत चाललेल्या एका डबक्यात अकरा महाशीर मासे अडकले होते, आणि त्यांना जिवंत पैठणच्या तळ्यात पोचवायचं होतं. मोहीम एवढीच! पण मे महिना होता, आणि मागच्या वेळी टेम्पोतून नेलेले सहाच्या सहा मासे खड्ड्यांच्या रस्त्यात अर्ध्या वाटेवरच मेले होते. महाशीर ही नखरेल जात. पाणी गार हवं, स्वच्छ हवं, त्यात हवा खेळती हवी. उजमा मॅडमनी या माशांची पिल्लं वाढवायला चार वर्षं खपून तळं तयार केलं होतं, आणि त्यात अजून एकही मासा नव्हता. डबकं आठवड्याभरात आटणार होतं. म्हणून या वेळी पाण्यातूनच, बोटीनं, बावीस किलोमीटर.

बोटीवर तिघं. कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवणाऱ्या उजमा मॅडम, बोटीचा मालक कडुबा आणि बजाजनगरचा विश्वजीत. हा कारखान्यात पंप दुरुस्त करायचा. बोटीवरची माशांची टाकी त्यानंच बसवली होती, आणि मासा म्हटलं की तो चार हात लांब राहायचा. तो बुळबुळीतपणा, ते न मिटणारे डोळे, तो वास! पहाटे कडुबाच्या बायकोनं, भागूबाईनं दिलेला चहासुद्धा त्यानं हळूच कुंपणात ओतला होता. कपाला मासळीचा वास येत होता म्हणे. "मी फक्त पंप बघणार, माशाला बोट लावणार नाही," असं तो सायलीला, आपल्या बायकोला, सांगून निघाला होता.

डबक्यातून काढलेले मासे कालपासून कडुबाच्या दारापुढच्या पाण्यात जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले होते.

"कडुबाकाका, यांना कालपासून काही खायला दिलं नाही ना?" मॅडमनी विचारलं.

"नाय जी," कडुबा म्हणाला, पण नजर इंजिनाकडं ठेवून.

सहा वाजता बोट सुटली. पंप बोटीच्या कडेला पाण्यात लटकत होता, धरणाचं पाणी उचलून टाकीत फवारत होता, आणि जादा पाणी टाकीच्या वरच्या भोकातून परत धरणात पडत होतं. सोनेरी खवल्यांचे, हातभर लांबीचे मासे खाली संथ फिरत होते. पाणकावळे उडत होते, दूरवर काठाचे काळे खडक उघडे पडले होते, आणि विश्वजीत नाकाला रुमाल बांधून आपल्या कारागिरीवर खूश होता.

साडेसातला ऊन चटके देऊ लागलं. आठला टाकीवर फेस आला.

साधासुधा फेस नव्हे. पिवळट, चिकट, बुडबुड्यांचा थर! त्याला असा वास, की विश्वजीतला रुमालातूनही ओकारी आली. त्यानं झाकण उचललं. पाणी गढूळ झालं होतं, तळाशी दोन बोटं घाण साचली होती, आणि त्यात पांढरे लगदे तरंगत होते. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. एक उताणा झाला होता.

"हे काय आहे?" त्यानं ओरडून विचारलं.

मॅडमनी एक लगदा चिमटीत धरला. "भाकरी," त्या म्हणाल्या. "ज्वारीची भाकरी! काका, खरं सांगा."

कडुबानं इंजिन बंद केलं. "मॅडम, हिनं पहाटं दोन भाकरी कुस्करून टाकल्या. थोडी पेंडबी. म्हन्ली, आपल्या दारातून आजवर कुनी उपाशी गेलं नाय. लेकरू परगावी चाललंय, रिकाम्या पोटी धाडायचं व्हय?"

"अहो, भरल्या पोटी मासा प्रवासात सगळं बाहेर काढतो! वरून आणि खालून! आणि मग त्याच पाण्यात गुदमरतो!"

शी! शी! शी! विश्वजीतला सगळ्यांचाच राग आला. भाकरी घालणाऱ्या भागूबाईचा, गप्प बसलेल्या कडुबाचा, ओकणाऱ्या माशांचा. पण सगळ्यात जास्त स्वतःचा. जादा पाणी वरून जाणार अशी सोय त्यानंच केली होती. तळाची घाण जायला वाटच नव्हती! त्यात पंप उचलत होता ते वरवरचं, आंघोळीच्या पाण्याइतकं तापलेलं पाणी.

तेवढ्यात पंप घरघरला आणि थांबला. जाळीवर हिरवं शेवाळ गच्च बसलं होतं, आणि त्यात एक कुजलेली चिलापी मासळी. दुसरा महाशीर उताणा झाला.

"तळाची घाण आधी काढा!" मॅडम ओरडल्या. "पाइप आहे ना?"

पाइप होता. एक टोक टाकीच्या तळाशी, दुसरं बोटीबाहेर खाली. पण पाणी आपणहून वर चढत नाही. कुणीतरी तोंडानं ओढायला हवं. मॅडम दोन्ही हातांनी मासे सावरत होत्या. कडुबाला दम्यानं धाप लागलेली.

विश्वजीतनं रुमाल सोडला. पाइप तोंडात धरला. डोळे मिटले आणि ओढलं!

आलं! कोमट, खारट, बुळबुळीत. भाकरीचे कण जिभेवर लागले. थुंकायला तोंड उघडणार तोच बोट हलली, आणि अर्धा घोट थेट घशाखाली गेला. तो काठावर वाकला आणि आतड्यापर्यंतचं सगळं उलटं येतंय असं त्याला वाटलं. आलं मात्र काहीच नाही. पण पाइप वाहत होता! घाण भसाभस बाहेर पडत होती. त्यानं त्याच हातांनी चिलापी उपटली, शेवाळ ओरबाडलं, पाइप धुऊन पंपाला जोडला आणि पंप दोरीनं वीस फूट खाली सोडला. खालचं गार पाणी वर आलं.

"हळूहळू!" मॅडम म्हणाल्या. "उंचावरून फवारा, हवा मिसळू दे. एकदम गार पाण्यानंही मरतील."

अर्ध्या तासात पाणी निवळलं. दोन मासे मेले होते. नऊ धापा टाकत होते, आणि पैठण अजून बारा किलोमीटर होतं. बोट चालू झाली की पंप वर घ्यावा लागणार, म्हणजे पुन्हा तेच गरम पाणी. मॅडमनी टाकीत हात घालून पाणी चाचपलं.

"एवढ्या पाण्यात तिघंच जगतील," त्या म्हणाल्या. "एक मादी, दोन नर. बाकीचे इथंच सोडा, खाली जुन्या नदीचं खोल पात्र आहे."

विश्वजीतनं सहा मासे एकेक करून उघड्या हातांनी उचलले. किळस तीच होती. तरी मासा हातातून स्वतःहून निसटेपर्यंत त्यानं त्याला पाण्यात धरून ठेवलं.

साडेदहाला तीन महाशीर पैठणच्या तळ्यात शिरले. मादीनं शेपटी मारून विश्वजीतच्या तोंडावर पाणी उडवलं आणि तळ गाठला. मॅडम काठावर मटकन बसल्या आणि रडत रडत हसायला लागल्या. तेवढ्यात कडुबाचा फोन वाजला. भागूबाई! कडुबानं घाईघाईनं तो विश्वजीतच्या हातात कोंबला.

"पोचली का रे लेकरं?"

"तीन पोचली, मावशी. सहा धरनात सोडली. दोन गेली."

पलीकडून म्हातारीनं विचारलं, "अन् मी घातलेली भाकर? त्यांच्या पोटात ऱ्हायली का थोडी?"

विश्वजीतनं ओठ पुसले. वास अजून जात नव्हता.

"नाय मावशी," तो म्हणाला. "ती माझ्या पोटात हाय."