झरोक्यातला सदरा

१९८८ सालचा नोव्हेंबर, शेवटचा आठवडा. आमच्या गावची खाण बंद होऊन तिसरं वर्ष. उभा जन्म मी कोळसा काढला आणि म्हातारपणी घरात खोली उबदार ठेवायला गॅसची शेगडी आली, जुन्या धुराड्याच्या तोंडाशी बसवलेली. बसवणारा म्हणाला, "आजोबा, भिंतीतला झरोका बुजवू नका. दर वर्षी धुराडं तपासून घ्या. ज्योत पिवळी झाली तर लगेच बंद करा."

मला गॅस शिकवत होता. मी दार दाखवलं.

झरोक्यातून वारा यायचा तो थेट हिल्डाच्या मानेवर. माझी बायको छातीनं अधू. मी झरोक्यात जुना सदरा कोंबला. सकाळी सदरा खाली होता. शेगडीसमोर, घडी घातलेला.

"तू काढलास?"

"मला वाकता आलं असतं तर मोजे तुझ्याकडून घालून घेतले असते का?"

पुन्हा कोंबला, सुतळीनं आवळून. पुन्हा खाली. रोज तेच. उंदीर घडी घालत नाहीत. माझं डोकं फिरलं.

"क्लेम असता तर पोट धरून हसला असता," हिल्डा म्हणाली.

क्लेम माझा खाणीतला जोडीदार, सदा तंबाखू चघळणारा. कोळशाच्या गाडीखाली त्याची दोन बोटं गेली होती. एकदा स्फोटानंतरच्या विषारी हवेत तो आडवा झाला, तेव्हा मी त्याला कमरेच्या पट्ट्याला धरून ओढत आणलं. पुढे पबमध्ये बसला की त्याचं एकच, "एनॉक, तुझं देणं आहे माझ्यावर." मी म्हणायचो, "गप पी." गेल्या वसंतात तो वारला.

शनिवारी मी झरोक्यावर फळी ठोकली. "आता काढून दाखव म्हणावं."

आमच्याकडच्या हिवाळ्यात अंधारतं तसं चार वाजताच अंधारलं. धुराड्यात वारा घुमत होता. आम्ही चहा घेत बसलो. ज्योत पिवळी पडली होती, वरच्या कडेला काजळी धरत होती. मी पाहिलं आणि बसून राहिलो.

"डोकं जड झालंय रे..."

"चहा पी."

माझाच कप हातातून निसटला. उचलावासा वाटेना.

मग धुराड्यातून आवाज आला. ठक. ठक. ठक. खाणीतून वर नेणाऱ्या पिंजऱ्यापाशी तीन ठोके दिले की वर यंत्रावरच्याला कळायचं, कोळसा नाही, माणसं आहेत. पुन्हा तीन. खोलीत ओल्या कोळशाचा वास पसरला. आणि चघळायच्या तंबाखूचा. आमच्या घरात तंबाखू नाही.

"कोण आलंय...?" हिल्डा पुटपुटली.

माझ्या पट्ट्याला मागून हिसका बसला. पायांत जीव नव्हता, तरी मी सरकत होतो. हिल्डाचं मनगट माझ्या मुठीत होतं. मी ते कधी धरलं, ठाऊक नाही.

डोळे उघडले ते मागच्या अंगणात, गार फरशीवर. हिल्डा शेजारी खोकत होती. इतका गोड खोकला मी ऐकला नव्हता.

शेजाऱ्यानं गॅस बंद केला. पुढे धुराड्यातून कावळ्याच्या घरट्याच्या पोतंभर काटक्या निघाल्या. फळी शेगडीसमोर पडली होती. खिळे तिच्यावर ओळीनं मांडलेले, एकही वाकडा नाही.

मी पट्टा सोडला तेव्हा हिल्डा बघत राहिली. पाठीकडच्या बाजूला काळा पंजा उमटला होता. तीन बोटांचा.

"पुसू का?"

"राहू दे. क्लेमचं देणं फिटलं."