तीन नंबरची मावशी

मुलांच्या वॉर्डच्या दारात त्यानं मला अडवलं. "आपण?"

"मावशी," मी म्हटलं.

"बरं झालं आलात. सकाळपासून वाट बघतोय." असं म्हणून त्यानं धुतलेल्या चादरींचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "तीन नंबरपासून सुरू करा."

तीन नंबरच्या कॉटवर माझीच भाची होती. मी मुकाट्यानं चादर बदलायला घेतली. ताई माझ्याकडे बघतच राहिली. तो फिरून आला तेव्हा भाची म्हणाली, "ही कामाची मावशी नाही काही. माझी आहे."

त्याचे कान लाल झाले. "सॉरी… इथे कामाला येणाऱ्यांना मावशीच म्हणतात हो."

"आणि तुम्हाला?"

"ब्रदर. नर्सबाई सिस्टर, तसा मी ब्रदर."

"ते मला नाही जमायचं," मी बोलून गेले… आणि मग माझेही कान लाल.

भाची पाच वर्षांची, नुकताच मधुमेह निघालेला. घरातली दोन माणसं इन्सुलिन टोचायला शिकल्याशिवाय पोरीला घरी सोडायचं नाही, असा त्या वॉर्डचा नियम. ताई रडत-रडत शिकली. भावजींनी सुई बघूनच खुर्ची गाठली. राहिले मी, आणि मला सिरिंजचं टोपणही काढवेना.

त्यानं बाही वर केली. "मला टोचा. नुसतं सलाइन आहे."

"दुखलं तर?"

"दुखलं तर लाजेखातर ओरडणार नाही."

मी त्याचा दंड चिमटीत धरला. बाहेर पाऊस काचेवरून ओघळत होता…

"टोचा की," तो हळूच म्हणाला. "नुसतं धरून कसं शिकणार?"

टोचलं. कॉटवरून भाचीनं बजावलं, "दहा मोजायचे, मगच काढायची." मी मोजत राहिले.

"चौदा झाले," तो म्हणाला.

आता इतक्या वर्षांनी, परवा आमच्या लेकीला लस द्यायला नेलं, स्पिरिटचा वास आला आणि ती काच, तो दंड, सगळं आठवलं. घरी येऊन त्याला विचारलं, तर म्हणतो, चौदा नाही, सतरा.

त्या सलाइनच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्यानं भाचीलाच विचारलं, "आज पोट की मांडी?" तिनं मांडी पुढे केली. मी टोचलं. "झालं पण?" ती म्हणाली. ताईनं डोळे पुसले, भावजींनी चपला शोधायला घेतल्या. मला मात्र रडू की हसू तेच कळेना.

त्यानं फॉर्मवर माझ्या नावापुढे लिहिलं : शिकल्या.

"इतक्यात?" मी विचारलं.

"अजून दोन दिवस लावता आले असते. रात्री मनात आलंही होतं." त्यानं पेनाचं टोपण उगाच लावलं, काढलं. "पण पोरगी घराची वाट बघतेय. तिथे माझा हट्ट कसा चालेल?"

मी पिशवी उचलली. दोन पावलं गेले… परत आले.

"अहो, हिला पुन्हा कधी दाखवायचं?"

"पंधरा दिवसांनी."

"आणि मी कधी यायचं?"

तो फॉर्मकडे बघूनच हसला.

"माझी ड्यूटी सहाला सुटते."