बाई म्हणायचं

नर्सने यंत्र बंद केलं, चादर गळ्यापर्यंत नीट ओढली आणि हलक्या आवाजात विचारलं, "यांचं जवळचं कुणी आहे का? बोलावून घ्या त्यांना."

ती पलंगाला टेकूनच उभी होती. तो गार पडत चाललेला हात अजून तिच्या हातात होता... पण शेवटचा श्वास गेला तेव्हा तिच्या तोंडून जी हाक निघाली, ती होती "बाई". नर्सचं तरी काय चुकलं? मालकिणीची सेवा करणारी कुणी इमानी बाईमाणूस, असंच तिला वाटलं असणार.

"मीच," ती म्हणाली. "मी मुलगी." आणि हे दोन शब्द आपण आयुष्यात किती क्वचित उच्चारले, हे त्या पांढऱ्या खोलीत तिला पहिल्यांदाच कळलं.

वडील गेले तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. आईला मुलींच्या अनाथालयात अधीक्षिकेची नोकरी मिळाली, राहायची सोय तिथेच. पोचल्या त्याच संध्याकाळी आईने तिला पुढ्यात बसवून वेणी घातली आणि समजावलं, की इथे कुणालाच आई नाही, तुझ्या तोंडून तो शब्द ऐकला की त्यांच्या काळजाला घरं पडतील, म्हणून आजपासून सगळ्यांसारखं बाई म्हणायचं. तिने शहाण्यासारखी मान हलवली. तिला वाटलं, थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे...

मग तीही मोठ्या खोलीत सगळ्यांच्या रांगेत झोपू लागली. तशीच पत्र्याची पेटी, एकाच ताग्यातून बेतलेला फ्रॉक. तापाने फणफणली तरी ती बाईच म्हणायची, आणि संस्थेचे चिटणीस भरसभेत त्याचं कौतुक करायचे, तेव्हा बाई खिडकीबाहेर बघत राहायच्या. हळूहळू तिलाही त्या कौतुकाची गोडी लागली. तो शब्द जिभेवर वाळून गेला, आणि वाळल्याचं दुःखही वाळलं, असं तिला वाटत राहिलं.

बाई गेल्यावर चिटणीसांनी ती जागा तिलाच देऊ केली. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. ती लहानग्या लेकीला घेऊन राहायला आली. चिटणीस गहिवरून म्हणाले, की बाईंची परंपरा आता पुढे चालणार. त्यांनी सक्ती केली नव्हती. तिनेच पहिल्या संध्याकाळी पोरीला पुढ्यात बसवलं, वेणी घातली आणि तेच सांगितलं, त्याच शब्दांत! कारण ते गरजेचं नसेल, तर मग तिचं स्वतःचं बालपण कुठल्या कारणी लागलं होतं?

त्या इमारतीत भर दुपारीही बाई असत. जिन्यात किल्ल्यांचा जुडगा वाजायचा आणि तो तिच्याच कमरेचा आहे हे लक्षात यायला तिला एक क्षण लागायचा. मुली "बाई" म्हणून हाक मारायच्या, की ती आधी मागे वळून बघायची. मागे कुणी नसायचं... पोरगी मात्र हाकच मारेनाशी झाली होती. काही हवं असलं की येऊन नुसती तिची ओढणी धरून उभी राहायची.

गणवेशाची मापं घ्यायला टाचणी आली ती अशा दिवसांत. टाचणी म्हणजे लहानपणी तिच्या शेजारच्या खाटेवर झोपणारी मुलगी, काटकुळी आणि टोचून बोलणारी, म्हणून ते नाव. आता तिचं स्वतःचं शिवणाचं दुकान होतं. आल्या आल्या ती सांगू लागली, की संस्थेची जीभ काही सुटत नाही, अजून 'मी' म्हणवत नाही; घरमालकिणीला 'आम्ही येतो हं' म्हटलं की ती विचारते, किती जण? दोघी हसल्या. मग टाचणीने पोरीच्या खांद्याला टेप लावला आणि फ्रॉक लांब हवा की आखूड, असं विचारलं. पोरगी म्हणाली, "बाईंना विचारते."

टाचणीचा हात तिथेच थांबला.

"हिलाही?" पोरगी बाहेर गेल्यावर तिने विचारलं.

"मुलींना त्रास नको म्हणून..."

"कुठल्या मुलींना? आम्हाला कुणी विचारलं होतं? माझं ऐक. आपण घर-घर खेळायचो, मी आई व्हायचे, तू माझी लेक. एकदा तू मला 'आई' म्हणून हाक मारलीस आणि पलीकडच्या व्हरांड्यातून बाईंनी ओ दिली. चटकन, जशी कुठलीही आई देते. मग तोंडावर हात ठेवून आत निघून गेल्या. तू खेळात होतीस, तुला ऐकू आलं नाही. आम्हाला आलं. आम्ही सगळ्या गप्प झालो, इतकं बरं वाटलं होतं गं ते ऐकून... वाटलं, पुन्हा मारेल ही हाक. तू नाही मारलीस."

तिने आणि बाईंनी आयुष्यभर तोंडं बांधून घेतली होती, आणि ज्यांच्यासाठी बांधली, त्या मुली भिंतीला कान लावून बसल्या होत्या.

दुपारची जेवणं झाल्यावर तिने मुलींना बसवून घेतलं आणि विचारलं, की पोरीने मला आई म्हटलं तर चालेल का. असं विचारायची त्या घराला सवय नव्हती. मुली आधी एकमेकींकडे, मग चिटणीसांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघू लागल्या. एकीने भीत भीत सांगितलं, की मला नको, मला रडू येईल. दुसरी म्हणाली, येऊ दे की. शेवटी सगळ्यांत मोठी उठली. अठरा पूर्ण झाल्यामुळे ती महिनाअखेर संस्था सोडणार होती.

"लागेल, बाई. पण लागणारच आहे, शाळेत लागतं, रस्त्यात लागतं. तिचा शब्द काढून घेऊन तो आमच्या नावावर घालू नका. आम्ही मागितला नव्हता."

दाराशी पोरगी उभी होती. तिने किती ऐकलं, किती समजली, देव जाणे. तिने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, 'बा' म्हणायला ओठ मिटले, आणि मग ते उघडून अगदी हळू, चोरून काही उचलावं तशी ती म्हणाली, "आई?"

रडू येईल म्हणणारी मुलगी रडू लागली. मोठीने तिला जवळ ओढलं, पण नजर दाराकडेच ठेवली. सगळ्या वाट बघत होत्या.

ही हाक कुणाची होती? पोरीची... की लहानपणीच्या, फ्रॉकातल्या तिची स्वतःची, जिने ती गिळली होती?

आणि तिने ओ दिली. तो आवाज तिचा नव्हता. व्हरांड्यातली ती ओ तिने कधीच ऐकली नव्हती, तरी तिने ती ओळखली.