जाग्या पेशी

व्हिक्टोरिया सरोवरातल्या त्या बेटावर नाव थेट काठाला लागत नाही. उथळ पाण्यातून प्रवाशांना पाठीवर घेऊन उतरवतात. बेटावरचा कोळी लुटाया पुढे आला, माझ्याकडे पाहिलं... आणि उचलली ती रक्ताच्या नळ्यांची बर्फपेटी!

"आणि मी?" मी ओरडले.

"तुम्ही पडलात तर पोहाल, डॉक्टरीणबाई. पेटी पोहेल?"

"मी डॉक्टरीण नाही. रक्त काढते फक्त."

"मग तर जास्तच घाबरायला हवं!"

परत येऊन त्यानं मला उचललं. त्याच्या ओल्या शर्टाला सुकटीचा वास होता... आणि तो मला आवडला, हेच नवल.

रोगाशी लढणाऱ्या पेशी कुणाच्या रक्तात किती चेतलेल्या असतात, ते आम्ही ताडून पाहत होतो. एचआयव्ही असलेले, नसलेले. एन्टेबे शहरातले, बेटावरचे. लुटायानंही दंड पुढे केला. मग दर आठवड्याला पेटी उचलायला तोच हजर. कधी फणसाचे गरे आणायचा, कधी नुसत्या थापा.

महिन्याभरानं त्याचा निकाल घेऊन गेले. तो वाळत घातलेल्या मासळीपाशी जाळं सांधत होता.

"एचआयव्ही नाही. पण अंगात जंत आहेत, सरोवराच्या पाण्यातले. म्हणून तुझ्या पेशी सारख्या जाग्या असतात. गोळ्या आणल्यात."

"शी! हे सांगायला एवढं नटून आलात?" मग एकदम हळू आवाजात, "तुमच्या आत्याला भेटायला येऊ का?"

आमच्यात मुलगा आत्याकडे येतो तो मागणी घालायलाच.

"आधी ऐक... माझ्याही पेशी जाग्या असतात. जंतांमुळे नाही. मला जन्मापासून एचआयव्ही आहे. रोज गोळी घेते. तपासणीत विषाणू सापडत नाही, माझ्यापासून कुणाला लागण होणार नाही. पण — आहे."

त्याचे हात थांबले. एक बगळा मासळीवर उतरला. त्यानं हाकललासुद्धा नाही.

"एवढंच?"

"एवढंच काय रे!"

"माझ्या थोरल्या बहिणीलाही आहे. गोळ्या घेते. तिची तिन्ही पोरं ठणठणीत आहेत, दिवसभर मला छळतात. मला वाटलं, तुमचं दुसरीकडे ठरलंय म्हणताय... जीवच गेला होता माझा!"

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरले.

"ते 'तुम्ही' तेवढं बंद कर," मी म्हटलं.

"बरं... नान्योंगा." पहिल्यांदाच माझं नाव घेतलं त्यानं, जपून, हातातून निसटेल की काय असं. "शनिवारी आत्या असते ना घरी?"

"असते," मी म्हटलं. "मीही असेन."