बदली आला काय?

परळच्या एका जुन्या गिरणीत हल्ली बोट बुडते. रोज, दर शोला, एसीत. महायुद्धात टॉर्पेडोने बुडवलेल्या एका प्रवासी बोटीचे मजले तिथे प्लायवूडने उभे केलेत. प्रेक्षकांनी कानाला हेडफोन लावून फिरायचं. मराठी हेडफोनमधला आवाज माझा, मजकूरही माझा. विनोदी लेखकाला एवढंच काम उरलंय.

वरच्या मजल्यावर मडमा, पियानो, कप्तानाचं जेवण. तळाला बॉयलर रूम. तिथे मी नाना नावाचा कोळसेवाला घातला होता. गिरणीत आपल्या जागी बदली कामगार आल्याशिवाय साचा, म्हणजे माग, सोडता येत नसे, तसा हा बोट बुडतानाही फावडं सोडत नाही. म्हणतो, "माझा बदली येऊ दे, मग बुडू." सगळ्यात मोठा हशा इथेच.

एका दुपारी वरळीच्या जाईबाई आल्या, नात अक्षताचा हात धरून. ऐंशी पार केलेल्या. बॉयलरपाशी मी हशा ऐकत उभा होतो, तिथे त्यांनी हेडफोन काढला.

"ह्ये तुम्ही लिवलं?"

"हो, मावशी."

"माझे बाबा अशाच बोटीवर कोळसा मारायचे. बुडताना वरून दार लावून घेतलं, पाणी वर येऊ नये म्हणून. वाचलेल्या एकानं आईला येऊन सांगितलं."

"आजी, चल ना. सरांना काय बोलतेस," अक्षता म्हणाली.

"बोलत नाय गं. लोक हसतात, बरं वाटतं. खाली कोण होतं हसवायला?"

मी मान डोलावली. लेखकाची मान, कशालाही डोलते.

मॅनेजर पुष्करला म्हटलं, तो विनोद काढू या.

"सर, सगळं रेटिंग त्याच्यावर आहे. वाटल्यास पुढे एक सिरियस वाक्य टाका ना."

मला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज जरा उशिरा वाटली.

वाक्य रेकॉर्ड करायला दोन शोंच्या मधे एकटाच खाली उतरलो. ओल्या कोळशाचा वास येत होता. आमच्याकडे कोळसा नाही, काळा रंगवलेला थर्माकोल आहे. बॉयलर रूमच्या प्लायवूडच्या दाराला हात लावला तर चटका बसला. मागे फूड कोर्टची भिंत. तंदूर असेल, म्हटलं. तिथे सँडविचवाला बसतो, हे मला ठाऊक होतं.

मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "दार वरून बंद केलं होतं," मी म्हणालो.

दाराच्या आतून फावड्याची खरखर आली. मग थांबली.

"बदली आला काय?"

दमलेला, साधा आवाज. कोकणातला हेल. तक्रार नाही.

आयुष्यभर माझ्या जिभेवर उत्तर तयार असायचं. या वेळी मी मागे सरकलो. बुटांत पाणी शिरलं, कोमट.

मी पळालो.

ऐकायचं धाडस नव्हतं. फाइल तशीच पुष्करला पाठवली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "सर, भारी झालंय. दुसरा आवाज कोणाचा घेतलात?"

त्याने ऐकवलं. माझं वाक्य. फावडं. तो प्रश्न.

मग माझाच आवाज, नेहमीचा मिश्किल: "आलोच. दोन मिनिटं."

मी बोललो नव्हतो.

त्यापुढे फावडं खाली ठेवल्याचा आवाज आहे. मग कोणीतरी भिंतीला पाठ टेकून, निवांत, वाट बघत बसतं.